हस्तिदंतावरची लोइस

"रंग खलण्यापलीकडे तिला काय येतंय? तिच्यापाशी अवाक्षर काढू नका, वन्सं."

कोठीघराच्या दारामागे थर्झा लोण्याचं भांडं हातात घेऊन तशीच उभी राहिली. आत तिच्या सासूबाई, बेथाया पेटिंगेल, आपल्या नणंदेशी कुजबुजत होत्या. 'ती' म्हणजे थर्झाच. गावोगाव फिरून चिमुकल्या तसबिरी काढणाऱ्या चित्रकाराची मुलगी, न्यूबरीपोर्टच्या या दर्यावर्दी घरात नुकतीच सून होऊन आलेली.

"मला काय ठाऊक, वहिनी!" डॉर्कस आत्याबाई रडकुंडीला आल्या होत्या. "तसबिरीच्या काचेवर आतून दव धरलं होतं. म्हणून उघडली नि पुसली. भिंतीवरच्या आजोबांना नाही का आपण कांदा चोळत? कसे लखलखतात ते!"

"आजोबा तेलरंगातले आहेत. ही पाण्याच्या रंगातली. अर्धा गाल गेला पोरीचा!"

पुसली गेली ती लोइस होती. सासूबाईंची लेक. तीन वर्षांपूर्वी जहाजाबरोबर बुडालेली. ना प्रेत मिळालं, ना थडगं बांधता आलं. उरलं होतं ते, ती जहाजावर चढण्याआधी थर्झाच्या वडिलांनी काढलेलं, हस्तिदंताच्या पातळ चकतीवरचं, कबुतराच्या अंड्याएवढं तोंड. सासूबाई ते छातीवर लावून हिंडत.

"बॉस्टनच्या चित्रकाराकडे देऊ," सासूबाई म्हणाल्या.

बॉस्टनचा चित्रकार काय करील ते थर्झाला माहीत होतं. उरलेलंही धुऊन टाकील आणि बॉस्टनमधली कुणीतरी देखणी मुलगी तिथे बसवील. मग लोइस कुठेच उरणार नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघी बॉस्टनच्या गाडीची चौकशी करायला बाहेर पडल्या. थर्झानं सासूबाईंच्या शिवणपेटीतून तसबीर काढली. जबड्यापासून कानापर्यंत नुसता डाग. चकती अजून ओलसर होती. तिनं बोट लावून जिभेवर टेकवलं. खारट.

उत्तरेच्या खिडकीशी तिनं मेज ओढलं, समोर रिकामी खुर्ची ठेवली. माहेरी, ज्याची तसबीर काढायची त्याच्यासाठी समोर खुर्ची मांडल्याशिवाय कुंचला उचलतच नसत. डिंकाच्या पाण्यात रंग कालवला आणि खारीच्या केसांच्या कुंचल्यानं ती ठिपक्याला ठिपका लावू लागली.

बाहेर नदीवरून धुकं चढत होतं. खिडक्या घट्ट लावलेल्या, तरी खोलीत हळूहळू शेवाळाचा वास भरला. मग आवाज आला. टप्... लाकडी जमिनीवर पाण्याचा थेंब. जरा थांबून पुन्हा... टप्.

थर्झाचा हात मात्र हलला नाही. हलला नाही म्हणून तिला आतून बरंच वाटलं. डोळे न उचलता, सवयीनं, ती हलकेच म्हणाली, "हनुवटी जरा वर..."

खुर्ची करकरली.

मग तिनं वर पाहिलं, आणि नीट बघून कामाला लागली. आयुष्यात तिचे ठिपके इतके बारीक, इतके नेमके कधी पडले नव्हते.

"अगं, कुणी सांगितला होता हा शहाणपणा?" दारातूनच सासूबाई ओरडल्या. धावत येऊन त्यांनी तसबीर हिसकावली, उजेडात धरली.

"इथे... केसांची बट होती. कान झाकलेला होता."

आता बट भिजून मानेला चिकटली होती आणि कान उघडा दिसत होता. दुसऱ्या कानात पोवळ्याचा लोलक होता, या कानात नुसतं भोक.

सासूबाईंनी कंबरेची थैली चाचपली. आतून त्याच्याच जोडीचं लाल पोवळं तळहातावर आलं.

"जहाज सुटताना धक्क्यावर काढून दिलं होतं मला... परत आले की घालीन म्हणाली." त्यांचा आवाज अगदी खाली आला. "हे वन्संनाही ठाऊक नाही. तुला कोणी सांगितलं?"

आत्याबाई खुर्चीखालचं ओलं बघत होत्या.

इतके दिवस या घरात 'हो' आणि 'बरं' यापलीकडे न बोललेल्या थर्झानं कुंचला पुसला, त्याचं टोक ओठांनी साधलं आणि तसबिरीसाठी हात पुढे केला.

"कोणी नाही सांगितलं, आई. मी दिसतं तेच काढते. पहिली तसबीरही माझीच. बाबांचे हात तेव्हाच कापत होते, त्यांनी फक्त झगा रंगवला. जिवंत होती तेव्हाही ती अशीच माझ्यासमोर येऊन बसायची... आता जरा बाजूला व्हा. तिच्या तोंडावरचा उजेड अडतोय तुमच्यामुळे."