मधाच्या रंगाचं ऑइल

आंधळगावात कोणी दारात गाडीचं ऑइल बदललं तर वास मोहाडीपर्यंत जातो, असं सांगितलं तर तुम्ही हसाल. हसा. पण त्या रविवारी अंकुशने गाडीची पुढची चाकं ओंडक्यांवर चढवली, इंजिन जरा तापवून घेतलं, पाठीवर सरकत गाडीखाली शिरून तळाच्या नटाला पाना लावला – आणि नट सुटतो न सुटतो तोच निळ्या रबरी चपला घातलेली दोन पावलं त्याच्या डोक्याशी येऊन थांबली.

"जळालं ऑइल कोणाले सांगून ठेवलं का, भाऊ?"

आमच्याकडे काळं ऑइल कोणी फेकत नाही. गोठ्याच्या खांबाला, दाराच्या चौकटीला फासलं की वाळवी, म्हणजे आमची उधई, फिरकत नाही. जो आधी मागेल त्याचा हक्क. अंकुश नाकावर काळा पट्टा घेऊन बाहेर आला. समोर कीर्ती होती, दोन गल्ल्यांपलीकडच्या खेमराज विणकराची मुलगी. हातात रिकामी कॅन. मागाच्या खांबांना उधई लागली होती, कोशाचं रेशीम विणायचं खोळंबलं होतं. त्याच्या नाकाकडे पाहून ती हसली नाही. ओठ मात्र आत ओढून घेतले... तेवढ्यावर आमच्या गड्याचं काम झालं.

ऑइल निथळायला वेळ लागतो. तो दारात बसला, ती पायरीवर. तिने विचारलं, एवढा वेळ काहून लागते? तो म्हणाला, थंडीचे दिवस हायेत. तेव्हा शेजारच्या अंगणात उन्हाळ्याचे पापड कडकडीत वाळत होते.

मग त्याने नव्या फिल्टरच्या रबराला बोटाने ऑइल लावलं, फिल्टर हातानेच आवळला, आणि कॅन भरून देताना उगाच म्हणाला, पुढच्या रविवारी पुन्हा बदलायचं हाय.

खरं तर गाडी बापाची. बाप गेला, मागल्या साली आई कौशल्याबाईही गेली. अंकुश आठवडाभर चिखल्याच्या मँगनीजच्या खाणीत, राहायला कॉलनीतली खोली, आणि रविवारी एसटीने घरी. घर इतकं सुनं की भिंतीवरची पालसुद्धा चुकचुकायला शेजारी जायची. एका ताटात जेवायचं, तेच ताट धुवायचं, पालथं घालायचं. बोलायला गाडी, आणि तीही उभीच.

पण आता रविवार आला की हा गाडीखाली! कीर्ती कॅन घेऊन हजर. कधी मागाचा खांब म्हणायची, कधी गोठा, कधी शिडी. 'भाऊ' कधी गळून पडलं, कोणी लक्ष दिलं नाही. ऑइल विकणारा वीरेंद्र तर लोकांना सांगत सुटला की अंकुशने ट्रक घेतला.

मग एका रविवारी ती आली. कॅन खाली ठेवली. म्हणाली, "पुढच्या रविवारी मी येणार नाई. भंडाऱ्याचे पाहुणे येऊन राहिले... मले पाहाले."

अंकुशचा पाना हातातच राहिला. नट आधीच सुटला होता. धार खालच्या घमेल्यात पडत होती – कीर्तीने वाकून पाहिलं. ऑइल मधाच्या रंगाचं. घमेल्याचा तळ दिसत होता.

"ही गाडी मागच्या रविवारपासून कुठं गेली व्हती?"

"...अंगणाच्या फाटकापर्यंत."

"मंग नवं ऑइल काहून काढून राहिले?"

तो गाडीखालीच पडून होता. तिथून बोलणं सोपं गेलं असावं.

"काढलं नाई त तू कायले येशील? घरी येतो त कुलूप मीच खोलतो, मीच लावतो. तू पायरीवर बसते ना... तेवढाच वेळ हे घर वाटते."

धारेचे आता थेंब झाले. त्याला वाटलं, गेली. पण चपला जागेवरच होत्या.

"आमच्या मागाले चारच खांब हायेत," ती हळूच म्हणाली. "ते कवाचेच फासून झाले. तवापासून ड्रम भरून ठेवून राहिली मी. आई म्हणते, पोरीनं पेट्रोल पंप काढला."

तो इतक्या घाईने बाहेर आला की डोकं बंपरवर आपटलं. ती या वेळी हसली, मोकळी हसली. मग नट आवळला. नरसाळ्यावर तिने स्वतःच्या कोशाच्या ओढणीचं टोक धरलं आणि तेच ऑइल गाळून परत इंजिनात ओतलं. ओढणी कायमची डागाळली. दोघांपैकी कोणी हळहळलं नाही.

"ऑइल काळं कराचं असन त गाडी चालवा लागते," ती पुढच्या सीटवर बसत म्हणाली.

"कुठं जाऊ?"

"आमच्या घरी. बाबा घरीच हायेत. पाहुणे याच्या आंधी त्याहिले विचारा." ओढणीचा डाग मुठीत धरून ती खिडकीबाहेर पाहत राहिली. "पण... भंडाऱ्यावरून फेरा मारून जाऊ."

दोन गल्ल्यांचं अंतर. पोचायला त्यांना संध्याकाळ झाली.