चौथा स्क्रू

लॉन्ड्रीतलं मोठं धुलाईचं मशीन रडायला लागलं म्हणून वहिनींनी मला बोलावलं. 'रडायला लागलं' हे शब्द त्यांचे. मी म्हटलं, "बेअरिंग गेलं असेल, वहिनी. दुपारपर्यंत बदलून देतो."

लॉन्ड्री माझ्या थोरल्या भावाची. दादाला जाऊन वर्षही झालं नव्हतं. याच मशीनवर हात टेकून उभा असताना तो कोसळला. त्याआधी बरेच दिवस त्याला खोकला होता. कोरडा, आधी एक छोटी ढास, मग एक मोठी. डॉक्टरांचं नाव काढलं की तो चादरी मोजायला लागायचा. शेवटी वहिनींनी अबोला धरला. "तपासून याल तेव्हाच बोलेन." दादा मला म्हणाला होता, "बरंय रे, कानाला जरा विश्रांती." तो अबोला सुटायच्या आत दादा गेला.

मशीन भिंतीपासून ओढलं, प्लग काढला, पाण्याचा कॉक बंद केला. बेअरिंगच्या झाकणाला चार स्क्रू. तीन निमूट निघाले. चौथ्याने हात टेकायला लावले. साबणाच्या पाण्याने तो गंजून झाकणाशी एकजीव झाला होता, आणि कुणीतरी आधी जोर लावून त्याची खाच पार गुळगुळीत केली होती. स्क्रूड्रायव्हर नुसता फिरायचा.

गंज सोडवणारं तेल घातलं आणि थांबलो. हातोडीने हलके ठोके दिले. मग करवतीच्या पात्याने डोक्यावर नवी खाच पाडली. आटे सुटत असले तर बारीक करकर होते. ती ऐकायला मी लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक स्क्रूवर ठेवलं आणि मूठ कानामागच्या हाडाला लावली. डॉक्टरांच्या नळीसारखं यंत्राच्या पोटातलं सगळं ऐकू येतं असं. माझी जुनी सवय.

करकर नव्हती. ओल्या चादरीत तोंड खुपसून कुणी श्वास घ्यावा तसा आवाज होता.

पाइपमध्ये पाणी राहिलं असेल, म्हणून मी पाइपच काढून टाकला. ड्रममध्ये हात घालून पाहिलं. कोरडा. बाहेर जाऊन शेजारचं दुकान पाहिलं, त्याला कुलूप होतं. परत येऊन टोक मोकळ्या तीन भोकांजवळ ठेवलं. काही नाही. टेबलावर ठेवलं. काही नाही. पुन्हा चौथ्या स्क्रूवर ठेवलं.

आधी एक छोटी ढास. मग मोठी.

"एवढं काय ऐकताय?" इस्त्रीच्या टेबलापाशी उभ्या वहिनींनी विचारलं.

"काही नाही. अडकलाय."

"मग तोंड का उतरलंय तुमचं? द्या इकडे."

मी नको म्हणायला हवं होतं बहुधा. पण दादा त्यांचा नवरा होता. मी कोण नको म्हणणारा? त्यांनी गुडघे टेकले, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले.  मग मूठ आणखी घट्ट दाबली.

"विचारतायत," त्या म्हणाल्या, "राग गेला का."

मला तर खोकल्यापलीकडे काही ऐकू आलं नव्हतं.

वहिनींनी ओठ त्या गंजलेल्या डोक्याजवळ नेले. लहान मुलाला थोपटावं तशा आवाजात म्हणाल्या, "गेला हो. केव्हाच गेला. तुम्ही आधी पाणी प्या बघू."

मला तिथे उभं राहवेना. वळलो, तर त्यांनी माझी बाही धरली. "काढा तो स्क्रू, भाऊजी. कोंडलेत ते."

"वहिनी, ते मशीन आहे."

"ठाऊक आहे मला. काढा."

स्क्रूच्या मधोमध ड्रिलने भोक पाडलं. त्यात उलट्या आट्यांची पिन बसवली आणि पान्ह्याने हळूहळू फिरवायला लागलो. आधी काहीच नाही. मग एकदम कट्ट झालं आणि तो फिरला. ड्रिलमुळे तापलेला असायला हवा होता. हातात आला तो गारठलेला, ओला.

वहिनी रिकाम्या भोकाला तोंड लावून बोलायला लागल्या.

मी दाराशी जाऊन उभा राहिलो. शब्द कळत नव्हते, नुसती गुणगुण येत होती. साचलेलं सगळं सांगत असाव्यात. मधेच हसल्या. मधेच रागावल्याही. आवाज बारीक होत गेला; बोलणारं माणूस रस्त्याने दूर जाताना होतो तसा. रडून घसा बसला असेल, असं मला वाटलं.

मग शांत झालं. वळून पाहिलं तर त्या पदराने डोळे पुसत उठल्या होत्या. हातानेच खूण केली, करा पुढचं.

मी नवं बेअरिंग बसवलं. झाकण लावलं. नवे स्क्रू घट्ट आवळले. मधे दोनदा काहीबाही विचारलं, त्यांनी नुसती मान हलवली. बोलतं करायला धीर झाला नाही.

पाइप आणि प्लग जोडून मशीन सुरू केलं. कुरकुर नाही, थरथर नाही. लोण्यासारखं फिरत होतं.

शेवटची खात्री म्हणून स्क्रूड्रायव्हरचं टोक चौथ्या स्क्रूवर ठेवून मूठ कानाला लावली.

आत दादा खोकला.

आणि वहिनी हसल्या.

मी नजर वर केली. वहिनी समोर टेबलापाशी चादरीची घडी घालत होत्या. ओठ मिटलेले. गालांवर पाण्याच्या रेघा.

मी दुसऱ्या हाताने झटकन मशीन बंद केलं. ड्रम थांबला. खोलीत कसलाच आवाज उरला नाही.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. काही विचारायला तोंड उघडलं. ओठ हलले, मानेची शीर ताठ झाली. खोलीत काहीच ऐकू आलं नाही.

मूठ अजून माझ्या कानालाच होती, टोक स्क्रूवर.

"भाऊजी," अगदी जवळून आलं, "झालं का?"