मारकागुड्याहून येणारी यादी

दिवा असू द्या, वात कमी करू नका. मी भित्रा माणूस नाही. तीस वर्षं बातमीदारी केली, मोठमोठ्यांच्या टेबलांवर त्यांच्याच फायली आपटल्या. पण ही गोष्ट सांगताना उजेड लागतो.

२००५चा ऑगस्ट. जिवतीच्या डोंगरात तापाचे किती रोगी आहेत, एवढा आकडा घ्यायला मी चंद्रपुरात रुबीनाकडे गेलो होतो. तिथली आरोग्य केंद्रं एक संस्था चालवायची आणि संगणकाचं काम रुबीनाकडे होतं. वडिलांच्या शिलाईच्या दुकानामागची खोली, तिथे सर्व्हर. नर्सनं केंद्रातल्या संगणकावर रोग्यांची नावं भरून बटण दाबलं, की यादी टेलिफोनच्या तारेवरून या खोलीत उतरायची. सर्व्हर ती जपून ठेवायचा आणि उलट एकच शब्द पाठवायचा, ‘मिळाले’. तो शब्द येईपर्यंत तिकडचा संगणक तीच यादी पुन्हापुन्हा पाठवत राहायचा. डोंगरात तार दिवसातून दहादा तुटे, पण एक नाव कधी हरवलं नाही. दोन्ही टोकांचा कोड या बावीस वर्षांच्या मुलीनं एकटीनं लिहिलेला. मी थक्क होऊन पाहत राहिलो.

पडद्यावर प्रत्येक गावापुढे ‘मिळाले’ होतं. एका गावापुढे मात्र नव्हतं.

“मारकागुड्याले उत्तर काऊन नाई?”

“मीच बंद केलं, भाऊ.” तिचा आवाज उतरला. “तिथल्या मंगली सिस्टर जूनमध्येच वारल्या...”

“मग यादी कोण पाठवते?”

बाहेर शिलाई मशीन थांबली. रुबीनानं मधलं दार लोटून घेतलं आणि सांगू लागली.

जूनमध्ये एका दुपारी सर्व्हरची डिस्क भरली होती. यादी आली, पण ठेवायला जागा नसल्यानं उत्तर गेलं नाही. मंगलीला स्वतःलाच ताप होता, न्यायला जीप दारात उभी होती. ‘मिळाले दिसू दे, मग निघते,’ म्हणून ती बसून राहिली. दोन तास. खुर्चीतच गेली.

“डिस्क मी पाहाले पाहिजे होती. गलती माझी.”

तिसऱ्या दिवशी दुपारी तीनला मारकागुड्याची यादी आली. नवी नावं. औषधं गेली, माणसं वाचली. तेव्हापासून रोज येत होती. आणि तिथला संगणक? तो संस्थेच्या गोदामात पोत्यात बांधून पडला होता. मी स्वतः पोतं सोडून पाहिला.

“आता ‘मिळाले’ म्हटलं का त्या उठून जातील, भाऊ. मग गुड्याकडे कोण पाहीन?”

मी संस्थेच्या साहेबाला गाठलं. नवी नर्स का नेमली नाही?

“लिस्ट येते ना रोज? मग घाई कायची?” साहेब हसला.

मेलेल्या बाईकडून काम करून घेणारी माणसं मी तोवर पाहिली नव्हती. तळपायाची आग मस्तकात गेली. दुसऱ्याच दिवशी मारकागुड्याला पोचलो. केंद्राला कुलूप. भर दुपार, पण पाऊस दाटून आलेला, सागाच्या पानांखाली काळोख. दाराच्या फटीतून स्पिरिटचा वास येत होता, ताजा. ओसरीवर पोचू नावाचा म्हातारा बसला होता.

तीन वाजले.

आतून आवाज आला. टक... टक... एका बोटानं, अक्षर शोधत शोधत.

“कोण आहे आत?”

“हळू बोल भाऊ,” पोचू कुजबुजला. “बाई काम करून राह्यली.”

“तुम्हाले भेव नाई लागत?”

“कायचं भेव? जित्या साहेबानं पाय ठेवला नाई इथी. ते तर रोज येते.”

मी मान खाली घातली. एवढी इमानदारी मी जिवंत माणसांत फार थोडी पाहिली आहे.

मी बातमी छापली. भूत गाळलं, साहेब ठेवला. आठवड्यात दिव्या नावाची नर्स गोदामातला संगणक घेऊन मारकागुड्याला रुजू झाली. पहिल्याच दिवशी तिनं घरोघर फिरून रोगी तपासले. मग रुबीनानं मला बोलावलं. तीनला मंगलीची यादी आली तेव्हा तिनं उत्तर सुरू केलं.

‘मिळाले.’

“जा सिस्टर,” ती पुटपुटली. “माफ करा मले.”

दुसऱ्या दिवशी तीन वाजता दिव्याची यादी आली. मंगलीची नाही. रुबीनाचा चेहरा सैल पडला. आणि तेवढ्यात खाली आणखी एक यादी उतरली. गाव वेगळं होतं, डोंगराच्या पलीकडचं, पार टोकाचं. तिथे संस्थेचं केंद्र नाही. वीज नाही, टेलिफोनची तार नाही. नऊ नावं.

औषधांची पेटी आणि दिव्याला घेऊन आम्ही पहाटेच निघालो. शेवटचे दोन कोस पायी. नऊच्या नऊ माणसं तापानं फणफणलेली सापडली. दिव्याला रक्त घेता यावं म्हणून मी शेवटच्या म्हातारीचा हात धरला, तशी तिनं तो झटकला.

“आता पुन्हा काऊन टोचता? ते बाई आत्ताच तर टोचून गेली.”

तिच्या बोटावर रक्ताचा थेंब होता. अजून ओला.