एकेचाळिसावा मणी

चंद्राच्या दक्षिण ध्रुवावरच्या वसाहतीतून पृथ्वीला सलग तिसऱ्या दिवशी कोरी ओळ गेली, आणि वसाहतप्रमुख वासंती खोब्रागडे तावातावानेच नोंदखोलीत शिरल्या.

"हेमांगी, अगं एकेचाळीस माणसांची यादी, आणि खाली पोचतंय काय, तर कप्पाळ! उद्याचीही ओळ कोरी गेली की ते धरून चालणार, इथं कुणी उरलं नाही. आपल्याला न्यायला निघालेलं यान अर्ध्या वाटेतून परत फिरेल."

चंद्रकंपात मोठी तबकडी मोडली होती. उरलेल्या लहान अँटेनातून दिवसाला एकच ओळ जायची. म्हणून हेमांगी पागधरेने एक सोय केली होती. नोंदसंचातून प्रत्येकाचं नाव आणि त्याची अवस्था काढायची, दोन माणसांमध्ये उभी रेघ द्यायची आणि सगळ्यांची मिळून एकच 'नावमाळ' ओवायची. सोय नामी होती. घोळ तिनेच घातला होता आणि तो तिला ठाऊक होता, म्हणून तर मान वर होत नव्हती.

"जयेशच्या पुढे काय लिहिलंयस?"

"अज्ञात."

जयेश तिचा नवरा. त्याच कंपात बोगदा कोसळला, तेव्हा तो आत होता. सोळा दिवस शोधलं. शोध थांबल्यावर तिने त्याच्यापुढचं 'जिवंत' खोडलं, पण दुसरं काही लिहायला हात धजला नाही.

"यंत्राच्या लेखी अज्ञात म्हणजे शून्य नव्हे गं," वासंतीबाई म्हणाल्या. "अज्ञात म्हणजे माहीत नाही. माहीत असलेल्याला 'माहीत नाही' जोडलं की सगळंच माहीत नाही. एका मण्यापायी अख्खी माळ जाते. हे तूच मला शिकवलंस ना?"

"आमच्याकडे दर्यात हरवलेल्या माणसाची बारा वर्षं वाट बघतात, बाई. माझ्या आईने बापाची बघितली. कुंकू पुसलं नाही तिने. आणि मी एकोणीस दिवसांत 'मृत' लिहू?"

वासंतीबाईंचा ताव उतरला. त्या शेजारी बसल्या.

"मग त्याची नोंद गाळ."

"म्हणजे तो इथं कधी आलाच नव्हता?"

"चाळीस जीव टांगणीला लागलेत, बाळा. काहीतरी कर."

हेमांगीने मधला मार्ग काढला. जिथे 'अज्ञात' निघेल, तिथे त्या माणसाच्या जागी कोरा शब्द घालायचा. कोरा शब्द कशालाही जोडला तरी बाकीचं शाबूत राहतं. चौथ्या दिवशी ओळ गेली. चाळीस नावं, चाळीसदा 'जिवंत', आणि दोन रेघांच्या मध्ये एक रिकामी जागा. यान परत फिरलं नाही.

यान उतरलं तेव्हा आत खुर्च्या एकेचाळीस होत्या. प्रत्येकीवर नावाची पट्टी, एकीवर कोरी. हेमांगी त्या कोऱ्या पट्टीच्या शेजारच्या खुर्चीत बसली. वाटभर तिने तिकडे पाहिलं नाही.

पृथ्वीवर दाराशी नातेवाईक उभे होते. सगळ्यांत पुढे जयेशची आई, सुगंधाबाई. हातात इस्त्रीचा सदरा.

"सगळ्यांची नावं आली, माझ्या पोराचं तेवढं नाही," त्या घाईघाईने सांगू लागल्या. "पण मेला असंही आलं नाही. मी ओळखलं, रिकामी जागा त्याचीच! साहेबांना बजावलं, यानातली त्याची खुर्ची काढू देऊ नका. महिनाभर देव पाण्यात घालून बसले गं. कुठाय तो?"

हेमांगीला उमगलं: 'माहीत नाही' तिने पुसलं नव्हतंच. ते ओळीतून निघून या म्हातारीच्या घरात जाऊन बसलं होतं.

"आई, जयेश गेला."

"कधी?"

"कंप झाला त्याच दिवशी."

सुगंधाबाईंनी हातातला सदरा छातीशी घेतला. मग सुनेकडे पाहिलं.

"म्हणजे तुला माहीत होतं," त्या म्हणाल्या.