पेटी सावलीत जाईस्तोवर

भर दुपारी आपल्याच संत्र्याच्या झाडाखाली एक माणूस उताणा पडलेला दिसला, तेव्हा अंकिताच्या मनात एकच गोष्ट आली — याला ऊन लागलं.

मे महिना नुकताच लागला होता आणि रोहणा गावात दुपारी बाहेर कुत्रंही दिसत नव्हतं. तिने फार विचार केला नाही. कमरेवरची कळशी उतरवली आणि सगळीच्या सगळी त्याच्या तोंडावर ओतली.

माणूस धडपडत उठून बसला. डोक्यावरच्या फांदीतून सात-आठ काळी-पिवळी फुलपाखरं भिरभिरत बाहेर पडली आणि उन्हात कुठल्या कुठे गेली. त्याने त्यांच्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"चाळीस मिनिटं," तो हळूच म्हणाला. "चाळीस मिनिटं मी हललो नव्हतो."

"म्हनूनच तं ओतलं," अंकिता म्हणाली. "मले वाटलं, गेले तुमी."

त्याने चष्मा शर्टाला पुसला. शर्टही ओलाच होता, त्यामुळे चष्मा जास्तच ओला झाला. तिला हसू आलं... पण तिने पदरासारखी ओढणी तोंडावर घेतली आणि कडक आवाजात विचारलं, "आमच्या वावरात काय करून राह्यले?"

त्याचं नाव योगेंद्र. हिंगणघाटचा, कापड दुकानदाराच्या घरचा. नागपूरच्या एका कॉलेजातून पीएच.डी. करत होता, वाढत्या उन्हात किडे कसे तग धरतात, हा त्याचा विषय. आर्वीत खोली घेऊन तो रोज मोटरसायकलने इकडे येणार होता. रूपरावांची, म्हणजे तिच्या बाबांची, त्याने परवानगी घेतली होती. बाबा घरी सांगायला विसरले होते.

"हे बघा," म्हणत त्याने पिस्तुलासारखं दिसणारं एक यंत्र पानावर रोखलं. "पानाच्या वरच्या बाजूला एक्कावन्न अंश. आता खालून... बेचाळीस. एका पानाच्या जाडीत नऊ अंशांचा फरक. दुपारभर फुलपाखरं इथंच पंख मिटून लटकून राहतात."

"त्याइले कोन सांगते, की इथंच थंड हाय म्हनून?"

"तेच विचारत होतो त्यांना," तो म्हणाला. "तुम्ही यायच्या आधी."

ती रिकामी कळशी घेऊन विहिरीकडे परत निघाली. ती कळशी खरं तर मधमाश्यांसाठी होती.

अंकिताकडे सातेरी जातीच्या मधमाश्यांच्या चार पेट्या होत्या. तीन वर्षांपूर्वी वर्ध्याला जाऊन तिने ते काम शिकून घेतलं होतं. "पोरीनं माश्या पाळल्या" म्हणून गाव आधी हसलं. मग बागेत फळ चांगलं धरायला लागलं तेव्हा गप्प झालं. पण मागच्या उन्हाळ्यात सहातल्या दोन पेट्या रिकाम्या झाल्या. भर दुपारी माश्या घर सोडून निघून गेल्या आणि तिच्या हाती लागली ती वितळून वाकलेली मेणाची पोळी. त्या दिवशी ती जेवली नव्हती. यंदा एप्रिलच्या वादळात धुऱ्यावरचा, म्हणजे वावराच्या बांधावरचा, कडुनिंब आडवा झाला आणि उरलेल्या चारही पेट्या उघड्या उन्हात आल्या. जवळची दाट सावली म्हणजे आंब्याची, पस्तीस फुटांवर.

"मग उचलून आंब्याखाली नेऊ," दुसऱ्या दिवशी योगेंद्र म्हणाला. "मी हात लावतो."

"पीएच.डी. करता ना तुमी?" अंकिताने विचारलं. "पेटी नेली तरी माशी जुन्याच जाग्यावर येते. घर हातभर सरकलं तं शोधून घेते. वीस फूट सरकलं, तं तिथंच घिरट्या घालून मरते."

तो वरमला. "मी फुलपाखरांवाला... मग काय करायचं?"

"रोज हातभर सरकवाची. दिवस बुडाल्यावर, सगळ्या माश्या आत गेल्या की. मायसंगं करत होती, पन तिची कंबर धरली."

एवढं बोलून ती थांबली. ओंजळीतले खडे पाण्याच्या परातीत एकेक ठेवत राहिली — माश्यांना पाय टेकून पाणी पिता यावं म्हणून. बरोबर सहाव्या खड्याला तो म्हणाला, "किती वाजता येऊ?"

आणि मग तो रोज यायला लागला.

सकाळी तो झाडाझाडांवर आपली मोजमापं करायचा, संध्याकाळी पेट्यांपाशी हजर. दोघं दोन बाजूंनी पेटीखालची लोखंडी घोडी धरायचे, ती "हं" म्हणायची, आणि पेटी हातभर पुढे जायची. एक, दोन, तीन, चार. काम दहा मिनिटांचं. पण त्यानंतर माती निवेपर्यंत बसायला काय हरकत होती?

तो तिला मुंग्यांचं वेळापत्रक सांगायचा. आधी सकाळी दहापर्यंत हिंडणाऱ्या मुंग्या आता आठलाच वारुळात जातात म्हणून. एके दिवशी तिने त्याला पेटीला कान लावायला सांगितलं. आतून घरघर ऐकू येत होती.

"पंखानं वारा घालून राह्यल्या," ती म्हणाली. "काही जनी पानी आनून पोळ्याले लावते, काही जनी वारा घालते. दिवसभर."

"म्हणजे आपला कूलरच," तो म्हणाला. "फक्त खसची ताटी नाई."

'नाई' त्याच्या तोंडून निसटलं. नागपूर-पुण्याच्या सेमिनारांत घासलेली त्याची मराठी हळूहळू हिंगणघाटला परत निघाली होती. अंकिताने ते बरोबर टिपलं.

त्याच संध्याकाळी माशीने त्याच्या भुवईला डंख मारला. तिने नखाने काटा खरवडून काढला. त्यासाठी तिला त्याच्या अगदी जवळ जावं लागलं. त्याचा श्वास थांबलेला तिला कळला.

"दुखलं?" तिने विचारलं.

"हो... म्हणजे, नाही."

"नक्की काय ते सांगा."

"थोडा वेळ अजून पाहा म्हणजे सांगतो."

ती झटकन मागे झाली. घरी जाताना मात्र आपण उगाच हसतो आहोत, हे तिला स्वतःलाच कळत होतं.

घरी आई, मनकर्णाबाई, चुलीपाशी सांगत होती, "येत्या ऐतवारी पुलगावचे पाहुने येऊन राह्यले तुले पाह्याले. मुलगा नोकरीत हाय." अंकिता हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. योगेंद्रलाही तिने सांगितलं नाही. त्याचं काम संपलं की तो जाणारच होता; त्याला सांगून काय करायचं?

नवतपा, मेअखेरचे सगळ्यांत कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला. तोवर तीन पेट्या आंब्याखाली पोचल्या होत्या. चौथी, रांगेतली शेवटची आणि सगळ्यांत भरलेली, अजून बारा फूट अलीकडे होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊलाच वारा भट्टीसारखा लागायला लागला. रूपराव आर्वीच्या बाजारात गेले होते, आई बहिणीकडे. अकराला लाईट गेली आणि विहिरीवरची मोटर बंद पडली. अंकिता पेटीपाशी आली. माश्या बाहेर आल्या होत्या. दाराशी घोसासारख्या लटकल्या होत्या, शेकड्यांनी.

"चालल्या ह्या," ती म्हणाली. "मागच्या साली अशाच गेल्या असतीन."

योगेंद्र धावत आला होता. वाकून बराच वेळ पाहत राहिला. "मला वाटतं, जात नाहीत. आत गर्दी कमी करतायत. बिनकामाच्या बाहेर थांबल्या, म्हणजे आतल्यांना वारा घालायला जागा."

"नक्की?"

"नाही," तो खरं तेच बोलला. "पण ऊन अडवलं तर थांबतील."

झाडं झटकून किडे गोळा करायची त्याची पांढरी चादर होती. दोन टोकं त्यांनी संत्र्याच्या फांद्यांना बांधली आणि दोन बांबूंना. जमीन दगडासारखी, बांबू काही रोवला जाईना. मग एक तिने धरला, एक त्याने. दर पंधरा-वीस मिनिटांनी एकजण दोन्ही बांबू सांभाळायचा, दुसरा विहिरीतून बादली ओढून आणायचा आणि पेटीवरचं पोतं भिजवायचा. पोतं वाळायला वीस मिनिटंही लागत नव्हती.

पेटीत त्याने तापमापकाची तार सोडली होती. सदतीस. मग साडेसदतीस.

"अडतीसच्या वर गेलं तर?" तिने विचारलं.

"मोठ्या माश्या उडून जातील. आतली पिल्लं..." त्याने वाक्य सोडून दिलं. मग म्हणाला, "माझ्या फुलपाखरांचंही तसंच. ज्याला हलता येतं ते सावली शोधतं. अंड्याला कुठं जाता येते?"

गरम वाऱ्याने चादर फुगली, बांबू तिच्या हातातून निसटता निसटता राहिला. पेटीच्या आत काहीतरी धपकन पडल्याचा आवाज आला. पोळं तुटलं होतं. मधाचा ओघळ दारातून खाली आला. अंकिताचे डोळे भरले, पण हात बांबूवर होते, पुसायचे कसे?

"एकच पडलं," योगेंद्र म्हणाला. "बाकीची आहेत. ऐक, घरघर चालू आहे."

'ऐक' म्हणाला तो. तिने ऐकलं. घरघर खरंच चालू होती.

तिने पकड बदलून बांबू पुन्हा ताठ केला. मग समोर बघतच तिने विचारलं, "तुमचं काम कवा संपते?"

"संपलं."

"कवा?"

"मागच्या सोमवारी."

तिने मान वळवली. त्याच्या नाकाचं सालटं निघालं होतं, चष्म्यावर धूळ, ओठ फुटलेले. "मग रोज काऊन येतं तू?"

"पेटी सावलीत गेली नाई अजून," तो म्हणाला. मग त्याने एक लांब श्वास घेतला. "आणि गेली, तरी येईन म्हणतो... पुढच्या उन्हाळ्याचंही मोजायचं आहे. त्याच्या पुढच्याचंही. ऊन काही कमी होणार नाही, अंकिता. कोणीतरी इथं राहून पाहायला पाहिजे. मला वाटतं तो कोणीतरी मी असावा. तुझ्यासंगं. तुले चालत असंन तं."

तिला खूप काही सांगायचं होतं. पण एव्हाना पोतं वाळलं होतं, आणि विहिरीवर जायची पाळी तिची होती. तिने आपला बांबू त्याच्या हातात दिला. देताना तिचा हात त्याच्या हातावर जरा जास्तच वेळ राहिला.

साडेतीनला आकडा सदतीसवर आला. चार वाजता छत्तीस. मग दारावरच्या घोसातली एक माशी आत गेली. तिच्यामागे दुसरी. मग दहा-वीस. अंकिता मोजायला लागली आणि मोजता मोजता हरवली.

रूपराव बाजारातून परतले ते सरळ वावरातच आले. चादरीखाली पेटी आणि चादरीच्या दोन टोकांना दोन जण, घामाने आणि पाण्याने भिजलेले.

"बाबा," अंकिता म्हणाली. तिने बांबू सोडला नाही. "माश्या राह्यल्या. आन पुलगावच्या पाहुन्याइले सांगा, ऐतवारी नका येऊ म्हना. मले हा पसंत हाय."

योगेंद्रचा बांबू हलला. चादरीची कडा खाली झुकली, पेटीवर उन्हाची तिरीप पडली, तसा त्याने घाईने तो पुन्हा उंच धरला.

रूपरावांनी डोक्यावरचा दुपट्टा काढून मान पुसली. "हिंगनघाटले तुमच्या घरी ठाऊक हाय का हे?"

"नाही, काका. सांगतो. आई-बाबांना घेऊन येतो."

"माश्या मोजून पोट भरते का?"

"अजून तरी भरत नाही," योगेंद्र म्हणाला. "भरीन."

रूपरावांनी पेटीकडे पाहिलं, दारातून आत जाणाऱ्या शेवटच्या माश्यांकडे पाहिलं. मग लेकीच्या हातांकडे. तळव्यांना दोराचे वळ उठले होते. ते दोन पावलं पुढे आले आणि त्यांनी योगेंद्रच्या हातातला बांबू आपल्या हातात घेतला.

"सोड आता," ते म्हणाले. "दिवस बुडेस्तोवर दोन्ही मी धरतो. अंकिता, याले घरी ने. सकाळपासून काई खाल्लं नसंन त्यानं."