एकट्याला न उघडणारं दार

"ओ म्याडम! पिशवीत काय हाय?"

चौसाळ्याजवळच्या आमच्या दूध संस्थेच्या फाटकातच दूध तपासणाऱ्या बद्रीनाथनं मला अडवलं. त्या दुष्काळात संस्थेनं आवारात जनावरांची छावणी घातली होती. आमची गाय अन् तिचं वासरू चांदी तिथंच होती. मी पिशवी उघडली... ग्लुकोजचा डबा आणि मिठाचा पुडा. झालं! दुधात घातलेलं पाणी लपवायला नेमकं हेच मिसळणाऱ्यांना पकडणं, हे त्याचं काम.

"सापडलात की!" तो हसला. काय ते हसणं... जाऊ दे.

"चांदीला हगवण लागलीय हो," मी रडकुंडीला आले. "सकाळपासून उठली न्हाई. जाईल ती!"

त्याचं हसू मावळलं. माझ्याआधी तोच पळाला. टँकरचं पाणी त्यानंच कोमट करून आणलं. मी मापानं ग्लुकोज घातलं, मग मीठ.

"मीठ कावून?"

"आतड्यातल्या पेशीच्या भिंतीत प्रथिनाचं दार असतं. ग्लुकोज एकटं आलं तर ते उघडत न्हाई. संगं मीठ लागतं. दोघं आत गेले की पाणी आपसूक मागून जातं."

"एकट्याला प्रवेशच न्हाई?"

"न्हाई."

"लई कडक वाचमन हाय!"

चांदीचं तोंड धरताना त्याची बोटं माझ्या बोटांवर आली... त्यानं काढली नाहीत. मीही नाही.

थोडं थोडं पाजत दुपार टळली. आणि चांदी धडपडत उठली, थेट आईच्या कासेला लागली! मी आनंदानं ओरडले आणि भर छावणीत त्याचा हात धरला. वैरण टाकणाऱ्या भिमाबाई बघतच राहिल्या. बघेनात का!

आठवड्यात चांदी ठणठणीत झाली. आता त्याला भेटायला निमित्त उरलं नाही, म्हणून मी उगाच सगळ्यांवर चिडत होते.

आणि एका सकाळी तो आमच्या दारात! इस्त्रीचा शर्ट, कपाळावर घाम, मागे त्याची आई सरस्वतीबाई.

"चांदी छावणीत हाय," मी मुद्दाम म्हटलं.

"चांदीसाठी न्हाई..." तो अडखळला. "तुमी मला लई आवडता, शिवकन्या. पण एकट्याला दार उघडत न्हाई म्हनलात ना... म्हणून आईला संगं आणलंय."

मी दार सताड उघडलं.

"या," म्हटलं, "दोघंबी या!"

आणि आत पळाले... पाणी आणायला.