आधी किल्ली खिशात

आधीच सांगतो, ही ऐकीव गोष्ट नाही. माझ्यासमोर घडलेली आहे. ज्या शर्टाबद्दल पुढे सांगणार आहे, तो अजून माझ्या कपाटात आहे. मी तो परत घातलेला नाही.

आणि हो, रात्र नव्हती. घुबड, पालापाचोळा, कुत्र्याचं रडणं... काहीच नव्हतं. शनिवारची दुपार होती. शाळा सुटलेली. शाळेच्या मोठ्या मैदानावर मी आणि माझी धाकटी बहीण, दोघंच.

घरात तिला सगळे चिमणी म्हणतात. ही चिमणी कुणाच्या बापाचं ऐकत नाही. स्वतःच्या बापाचं मात्र ऐकायची. त्या मैदानाची देखभाल आधी आमचे बाबा करायचे. मागच्या वर्षी ते झोपेतच गेले आणि चिमणीने त्यांचं काम मागून घेतलं. पण अजून ती नोकरीत कायम झाली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सामने होते. गवत घोट्याच्या वर आलेलं. आणि बसून चालवायचं ते गवत कापायचं मशीन हूं की चूं करत नव्हतं.

"दादा, लगेच ये," ती फोनवर म्हणाली. "मुख्याध्यापक म्हणालेत, मैदान तयार नसेल तर दुसरा माणूस बघू."

माझं पंप आणि गाड्या दुरुस्तीचं दुकान आहे. शटर ओढलं आणि निघालो.

मशीन शेडमध्ये उभं होतं. किल्ली लावलेली. त्या किल्लीला बाबांनी दोऱ्याने एक जुना नट बांधला होता. खिशात टाकली की चालताना टिक टिक वाजायची. बाबांच्या उजव्या हाताचं मधलं बोट अर्धंच होतं, याच मशीनने घेतलेलं. तेव्हापासून त्यांचा एकच मंत्र.

"आधी किल्ली खिशात, मग हात आत."

लहानपणी आम्ही त्यांची नक्कल करून हसायचो.

मी कामाला लागलो. बॅटरी बघितली, चांगली. पेट्रोल ताजं. प्लग काढून बघितला, ठिणगी लख्ख. सीटवर बसून ब्रेक दाबला, पात्यांचा दांडा खाली होता, म्हणजे पाती बंद. किल्ली फिरवली...

काहीच नाही.

राहिलं फक्त सीटखालचं बटण. या मशीनमध्ये माणूस सीटवर बसला तरच इंजिन चालू होतं, आणि उठला की आपोआप बंद पडतं. अपघात होऊ नये म्हणून केलेली सोय. मी त्या बटणाच्या वायरींना छोटा दिवा जोडला. कुणी बसलं तर दिवा लागायला हवा.

"बस गं."

चिमणी बसली. दिवा लागला नाही.

"ऊठ."

ती उठली...

दिवा लागला.

"बटण उलटं झालंय," मी म्हणालो. असं बटण उलटं होत नसतं. मला माहीत होतं.

मी सीट हाताने दाबून बघायला वाकलो. सीट आधीच दबलेली होती. कुणी बसल्यावर मधोमध खड्डा पडतो, तसा. माझ्या डोळ्यांदेखत तो खड्डा हळूहळू भरून आला... आणि दिवा विझला.

चिमणीने ते पाहिलं की नाही, मी विचारलं नाही. तिनेही मला विचारलं नाही.

"डायरेक्ट कर ना," ती म्हणाली.

डायरेक्ट म्हणजे बटण काढून टाकायचं आणि दोन्ही वायरी एकमेकींना जोडायच्या. मग मशीनला वाटतं, कुणीतरी कायमच बसलेलं आहे.

"बाबा असते तर कान उपटले असते."

"आणि मैदान झालं नाही तर माझी नोकरी जाईल. कर तू."

मी वायरी जोडल्या. किल्ली फिरवली आणि मशीन एकदम धडधडलं. चिमणीने टाळ्याच वाजवल्या. मी ओरडून सांगितलं, "काम होईपर्यंत अजिबात बंद करू नकोस! परत चालू होईल याची खात्री नाही!"

ते वाक्य मी कसं बोललो, देव जाणे.

ती मैदानात गेली. मी शेडमध्ये हत्यारं गोळा करत बसलो. बराच वेळ सगळं सुरळीत चाललं होतं. मग इंजिनचा आवाज जड झाला. मी बाहेर येऊन बघितलं. मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला मशीन उभं होतं. ओलं गवत अडकलं असणार. चिमणीने पात्यांचा दांडा खाली केला आणि ती उतरली.

इंजिन चालूच. माझंच ऐकलं होतं तिने.

ती मशीनशेजारी गुडघ्यावर बसली. मी निश्चिंत होतो. दांडा खाली म्हणजे पाती थांबली.

मग माझं लक्ष गेलं...

मशीनच्या बाजूने अजून गवत उडत होतं. थोडं थोडं.

पाती फिरत होती.

मी जीव खाऊन ओरडलो. त्या धडधडीत तिला काय ऐकू येणार! तिने हातमोजा नीट केला. हात खाली नेला. मी धावत सुटलो, पण मैदान केवढं मोठं आणि मी केवढासा. मी पोचणार नव्हतो. मला ते कळत होतं. तिचा हात मनगटापर्यंत आत गेला...

इंजिन बंद पडलं.

एकदम शांतता. नुसता माझा श्वास आणि माझी पावलं.

आणि अजून एक आवाज.

टिक... टिक... टिक...

मी धावत होतो तसा तो वाजत होता. माझ्या छातीपाशी.

चिमणी हाताकडे बघत बसली होती. मोज्याच्या मधल्या बोटाचं टोक कापलं गेलं होतं. आतलं बोट शाबूत. साधा ओरखडाही नाही. मी तिचा हात धरला आणि रडलो, त्याची लाज वाटत नाही.

"तू बंद केलंस?" तिने विचारलं.

"मी तिकडे होतो चिमणे. शेडपाशी."

आम्ही दोघांनी मशीनकडे बघितलं. किल्लीची जागा रिकामी होती.

"दादा, किल्ली कुठाय?"

तिची नजर माझ्या शर्टाच्या खिशावर गेली. खिसा जरा खाली ओढला गेला होता, नटाच्या वजनाने. मी दोन बोटांनी किल्ली बाहेर काढली.

ती कोमट होती. कुणाच्या तरी मुठीत बराच वेळ राहिल्यासारखी.

नंतर मी वायरी सोडवल्या, बटण परत बसवलं. मशीन पहिल्या झटक्यात चालू झालं. दांड्याची स्प्रिंग तुटली होती, म्हणून पाती थांबली नव्हती. तीही बदलली. अंधार पडायच्या आत मैदान झालं. पुढे चिमणी कायमही झाली.

ती म्हणते, बाबाच होते, भ्यायचं कशाला? मलाही तसंच वाटतं. पण बाबा आयुष्यभर किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायचे. ती माझ्या खिशात ठेवायला कुणीतरी माझ्याजवळ आलं, छातीला हात लावला, आणि मला कळलंही नाही. हा विचार आला की झोप उडते.

मशीनची किल्ली आता चिमणीकडेच असते. मैदान माझ्या दुकानापासून लांब आहे. तरी कधीकधी घाईत एखाद्या चालू मशीनमध्ये हात घालायला मी वाकतो, आणि छातीपाशी वाजतं...

टिक.

मी हात मागे घेतो आणि मशीन बंद करतो. खिशात मात्र अजून एकदाही बघितलेलं नाही.